तापीबाईची भिंत

माझ्या आईचा एकही फोटो नव्हता. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, कारण त्या काळी आमच्या कोरीट गावात कुणाच्याच आईचा फोटो नव्हता. नंदुरबारला एक फोटोवाला होता, पण त्याच्याकडे जायचे ते पुरुष, तेही फेटा बांधून, खुर्चीत असे ताठ बसायचे की कुणी दाढ उपटायला बसवलंय असं वाटावं. बायकांचा फोटो काढायचा हे कुणाच्या मनातही येत नसे. त्यामुळे माझी आई तापीबाई पटकीत गेली तेव्हा तिच्याबरोबर तिचं तोंडही गेलं. मी तेव्हा पाळण्यात होते.

पण आमच्या मधल्या घरात एक भिंत होती. तिच्यावर मासिकांची रंगीत मुखपृष्ठं लावलेली होती, सगळी बायकांची, आणि गावातल्या बाया तिला तापीबाईची भिंत म्हणत. परवा माझी नातसून सांगत होती, शहरात म्हणे लोक असली जुनी मुखपृष्ठं शोधून शोधून आणतात, काचेत बसवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. बसवोत बापडे. आमची भिंत ज्या कारणानं भरली ते त्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही.

ती भरली गजराबाईनं. आईच्या पाठीमागे आबांनी केलेली ही दुसरी बायको, नदीपलीकडची, शहाद्याच्या बाजूची. मी तिला जिजी म्हणायची. माझ्यासमोर कुणी 'सावत्र' शब्द काढला तर मी आजही त्याला चहा न देता वाटेला लावते. जिजी आली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते, आणि पहिल्या दिवशी मी तिचं बोट धरलं ते तिनं माझ्या लग्नापर्यंत सोडलं नाही.

आमच्याकडे रीत अशी, की पहिली गेली आणि दुसरी आली तर दुसरीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तोंडाचा ठसा उमटवलेला पत्रा, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास आधी टाकाला, मग आपल्या तोंडात. यानं गेलेलीचा मान राहतो, असं म्हणत. मला एवढं कुठलं कळायला? माझ्या लेखी ते खेळणं होतं. जिजीच्या मांडीवर बसून मी तो टाक बोटांत फिरवत बसायची. ही तुझी माय, असं मला कुणीतरी सांगितलेलं होतंच. एक दिवस मी विचारलं, "जिजी, मन्ही माय आशीच दिखे का?"

जिजीनं टाक हातात घेऊन पाहिला. सोनाराजवळ ठसा एकच. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक उभी रेघ नाक, एक आडवी रेघ तोंड. आसपासच्या गावांतल्या जितक्या बायका गेल्या, तितक्या सगळ्या त्या एकाच तोंडानं दुसऱ्या बायकांच्या गळ्यात लटकत होत्या.

"माले काय म्हाईत, बेटा?" ती म्हणाली. "मी कोठे देखेल शे तिले?"

ती एवढंच बोलली, पण ही गोष्ट तिच्या मनाला लागली. रात्रंदिवस जिला गळ्यात वागवते तिचं तोंड आपल्याला माहीत नाही, आणि जिचं लेकरू मांडीवर आहे त्या लेकराला तर नाहीच नाही. जिजी शाळेत गेलेली नव्हती, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती तडीला नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती बायांना विचारायला लागली. तापी कशी दिसायची? बाया म्हणायच्या, चांगली व्हती. चांगली म्हणजे कशी? चांगली म्हणजे चांगलीच व्हती, आनखी काय! यापुढे कुणाची गाडी जात नसे.

मग धनुबाई कासारीण आली. धनुबाई नंदुरबारहून डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. बांगड्या फुटू नयेत म्हणून ती वकिला-डॉक्टरांच्या घरची मासिकांची रद्दी घ्यायची आणि त्यात जोड गुंडाळायची. त्या दिवशी तिनं हिरव्या बांगड्यांचा जोड सोडला, तर कागदावर एक बाई, हातात निरांजन, काठापदराचं लुगडं, आणि मासिकाचं नाव कपाळाच्या वर मोठ्या अक्षरांत. शेजारची रूपलीबाई बांगड्या विसरून त्या कागदावर वाकली आणि ओरडली, "व माय! नाक देख वं, तापीनंच नाक शे!"

जिजीनं बांगड्या ठेवल्या बाजूला आणि कागद घेतला. सुरकुत्या मोडायला तो पाटाखाली दाबून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावला. खळीनं नाही. खळ लावली की वाळवी येते, उंदीर कुरतडतात, आणि दिवाळीला भिंत पोतारायची म्हटलं की सगळं फाडून काढावं लागतं. तिनं बाभळीचे लांब पांढरे काटे आणले आणि चार कोपऱ्यांना चार काटे मातीच्या भिंतीत टोचले. दिवाळीला काटे उपसायचे, भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची, वाळली की पुन्हा टोचायचे. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी मी सूप घेऊन उभी राहायची आणि जिजी त्यात काटे टाकायची. अजून बाभूळ दिसली की मला आधी ती भिंत दिसते.

त्यानंतर धनुबाईला चित्राचा कागद घरी नेऊ द्यायचा नाही, असा नियमच झाला. बदल्यात जिजी तिला गुंडाळायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या द्यायची. तरी धनुबाई कुरकुरायची, "तू सम्दा कागद ली लेस, मंग मी बांगड्या कसामा गुंडायू?" पण पुढच्या फेरीला पेटीच्या तळाशी, अगदी घडी न पडू देता, नवीन मुखपृष्ठ घेऊन तीच यायची. तिलाही त्यात गोडी लागली होती.

काय काय बाया आल्या त्या भिंतीवर! झोपाळ्यावर बसलेली, पोपटाला डाळिंब भरवणारी, वीणा घेतलेली, नदीवर दिवे सोडणारी. एक तर पायांत बूट घालून सायकल धरून उभी होती. तिला पाहायला अर्धा गाव लोटला, आणि एका म्हातारीनं तिच्या पायांवरून कडाकडा बोटं मोडली. मी शाळेत जात होते, म्हणून मागच्या बाजूचं मला वाचता यायचं. मागे जाहिराती, केसांचं तेल, अंगाचा साबण, अशक्तपणावरचं औषध. जिजीला मी ते वाचून दाखवायची तर ती म्हणे, पाठीमागचं राहू दे, तोंडाकडे पाहा.

हिवाळ्यात मिरच्या आल्या की खरी मजा. शेजारणी मिरच्यांचे देठ खुडायला मधल्या घरात बसायच्या, समोर भिंत. एकीकडे शिंका, एकीकडे न्यायनिवाडा. जिजी काठीनं एकेका चित्रावर टेकवायची आणि विचारायची.

"डोया हाईच, पन इतला मोठा नही."

"तापी हासे तं डोया मिची ले. हाई कसी टकमक देखी ऱ्हायनी!"

"नाक इतलं सरय नही वं, जराखं बसकं व्हतं."

अशी माझी आई मला तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. निरांजनवालीचं नाक, पोपटवालीची हनुवटी, झोपाळ्यावालीचं हसू. शाळेतून आले की मी दप्तर टाकून भिंतीसमोर उभी राहायची आणि मनातल्या मनात ते सगळं एका तोंडात बसवायची. कधी बसायचं, कधी नाही. बसलं त्या दिवशी मला फार भूक लागायची, हे मला अजून आठवतं.

ज्या बायकांमध्ये तापीचं काहीच नाही असं ठरायचं, त्या नापास. त्या भिंतीवरून उतरायच्या आणि माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हर व्हायच्या. सायकलवाली भूगोलावर गेली. एक चित्र मात्र भिंतीवर चढलंच नाही. त्यात बाई पाठमोरी होती. हातात पाण्याचा तांब्या, डोक्यावरून पदर, एक पाऊल उंबऱ्याच्या आत, दुसऱ्या पायाची टाच उचललेली. जिजीनं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हिले तोंडच नही. काय कामनी?" ते माझ्या गणिताच्या पुस्तकाला गेलं.

या सगळ्यात आबा कुठे होते, असं कुणी विचारेल. आबा घरातच होते. पण आबा, म्हणजे सुकलाल पाटील, त्या भिंतीकडे पाठ करून जेवत. शेतातून यायचे, पाटावर बसायचे, भाकरी खायचे, उठायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, तापी कशी दिसायची म्हणून. पहिल्या बायकोच्या रूपाबद्दल दुसरीनं नवऱ्याला विचारणं कुठल्या तोंडानं? आणि पोरीनं बापाला विचारणं तर त्याहून वाईट. शिवाय बाहेर ओट्यावर आमचे आजोबा दिवसभर खोकत बसलेले. त्यांच्या देखत आबा जिजीशी एक शब्द बोलत नसत, मग बाकीचं कुठलं!

पुढे मोठी लढाई सुरू झाली. कागद मिळेनासा झाला, मासिकं बारीक झाली आणि मुखपृष्ठांवरचे रंग उडाले. एकरंगी निळसर बाया यायला लागल्या. जिजी त्यांना हातही लावत नसे. म्हणे, आजारातून उठल्यासारख्या दिसतात. भिंत होती तेवढीच राहिली. आणि त्याच सुमारास माझं लग्न ठरलं, सारंगखेड्याच्या बाजूला, आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्यतृतीया झाल्यावरचं.

बस्ता झाला, भांडी आली, पेटी आली. पेटी भरताना मी भिंतीकडे पाहिलं आणि मला एकदम रडू फुटलं. सासरी कुणी विचारलं, तुझी आई कशी होती, तर मी काय सांगू? नाक नंदुरबारच्या निरांजनवालीचं, हनुवटी पोपटवालीची?

"माले एक माय पाहिजे!" मी ओरडले. "भितडं ली जाऊ का मी सासरले?"

जिजीनं मला रडू दिलं. मग ती उठली आणि बायांना बोलावून आली. एकच चित्र ठरवायचं, जे तापीच्या सगळ्यांत जवळचं. ते पोरीच्या पेटीत जाईल. योगायोगानं धनुबाईही आली होती, लग्नाचा चुडा भरायला.

बाया भिंतीसमोर बसल्या आणि भांडायला लागल्या. एक म्हणे झोपाळ्यावालीच तापी, दुसरी म्हणे निरांजनवाली. एक म्हणे ती गोरी होती, दुसरी म्हणे सावळी. मी ऐकत होते. रूपलीबाई तर शपथेवर सांगत होती, की तापी मोत्यांची नथ घालायची. आईला मोत्यांची नथ कधीच नव्हती, तिचे होते नव्हते ते दागिने माझ्याच पेटीत होते. नथ झोपाळ्यावालीला होती. इतकी वर्षं भिंत पाहून पाहून बाया तापीला विसरल्या होत्या आणि त्यांना भिंतच आठवायला लागली होती. धनुबाई कासारणीनं तेवढं खरं सांगितलं. ती म्हणाली, तापीचा हात मला ओळखू येईल, मनगट बारीक होतं, बांगडी झटकन चढायची. तोंडाकडे मी कशाला बघू, मी बांगडीकडे बघते.

मग जिजी मला जवळ ओढून हळूच म्हणाली, "त्यास्ले इचार. बायको त्यास्नी व्हती."

आबा दुपारचे जेवायला आले. नेहमीसारखे भिंतीकडे पाठ करून बसले. बाया पदर ओढून कोपऱ्यात सरकल्या. जिजीनं ताट ठेवलं आणि ती चुलीकडे वळली. मी सासरी जाणारी पोर, आता घाबरून काय होणार होतं?

"आबा," मी म्हणाले, "यामाईन मन्ही माय कोनती?"

आबांचा हात ताटात थांबला. त्यांनी हात धुतले, उठले, आणि मी पाहिलेलं पहिल्यांदाच ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एकेका चित्रासमोर थांबत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. निरांजनवालीपुढे थांबले, झोपाळ्यावालीपुढे थांबले. मी तर देवाला नारळही बोलून बसले होते. मग आबा वळले.

"तुन्हं ते गनितनं पुस्तक कोठे शे?"

मला वाटलं, यांना राग आला, आता शाळेवरून बोलणार. पण मी कोनाड्यातून पुस्तक काढून दिलं. त्यांनी त्यावरची पाठमोरी बाई हाताच्या तळव्यानं पुसली आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"हाई."

"आबा, हिले तं तोंडच नही!" मला संताप आला. इतक्या वर्षांची आमची मेहनत, आणि बापानं निवडावी ती नेमकी बिनतोंडाची!

"तोंड मी कव्हय देखं?" आबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते त्या चित्राकडे. "मन्हा बाप दिनभर ओटावर बठेल ऱ्हाये. त्यास्नादेखत बायकोकडे कोन देखी? ती पानीना तांब्या ठी जाये. मी मान वर करू तवलगून ती आशी दारमा पोची जाये. पाठ, पदर, नि उचलेल टाच. मी तिले आशीच देखेल शे."

"नि रातले?" धनुबाईनं कोपऱ्यातून विचारलं. तिला कुणाचीच भीड नव्हती.

"रातले दिवा कोठे ऱ्हाये, बाई?"

कुणी हसलं नाही. आबा पुन्हा पाटावर बसले, पण जेवले नाहीत. तू अभ्यासाला बसायचीस तेव्हा मी हिलाच पाहत होतो, असं ते ताटाकडे बघत म्हणाले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला हुंदका आला, आईसाठी नाही, आबांसाठी. मी तुकडे का होईना गोळा करत होते. या माणसानं संसार केला आणि त्याच्याजवळ एक टाच होती.

आणि तेव्हा माझी नजर जिजीकडे गेली. ती चुलीकडच्या दारात उभी होती. आबा घरात, आजोबा ओट्यावर, म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. पाठ आमच्याकडे. एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसऱ्याची टाच उचललेली. हातातल्या पुस्तकावर जे होतं तेच माझ्यासमोर उभं होतं. माझे दोन भाऊ झाले होते तिला, घर तिनं वर आणलं होतं, आणि आबांना कुणी उद्या विचारलं असतं, गजराबाई कशी होती, तर ते पुन्हा असंच एखादं पाठमोरं चित्र शोधत बसले असते. मला ते सहन होईना.

लग्न लागलं. पेटीत मी पाठमोरी आई ठेवली, घडी न घालता, सगळ्यांत वरच्या लुगड्यावर. बैलगाडी दाराशी आली. अंगणात सगळे उभे: आजोबा काठीवर टेकून, आबा खाली मान घालून, भाऊबंद, व्याही, सासरचे. रिवाजाप्रमाणे मी एकेकाच्या गळ्यात पडून रडत होते. जिजीपाशी आले तेव्हा तिचा पदर एवढा खाली, की मला टाक तेवढा दिसत होता, दोन ठिपके आणि दोन रेघा.

मी दोन्ही हातांनी तिचा पदर धरला आणि मागे सारला, पार डोक्यावर. भर अंगणात, तिच्या सासऱ्याच्या देखत. बायांच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. जिजीनं माझे हात पकडले, पण मी शेतात राबलेली पोर, माझे हात काय असे सुटतात! उन्हात मी तिचं तोंड पाहिलं. रुंद कपाळ, रडून सुजलेले डोळे, थोडंसं वाकडं नाक, उजव्या भुवईच्या खाली तीळ. डोळे भरून पाहिलं. मग मान वळवून म्हणाले, "आबा, दिन शे. देखी ल्या."

आजोबांचा खोकला एकदम थांबला. नवरदेवानं दुसरीकडे बघितलं, तो बिचारा तेव्हापासूनच मला थोडा भिऊन असे. आबांनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि मग त्यांनी मान वर केली.

गाडी हलली तेव्हा मागून मला एवढंच दिसलं, की जिजीचा पदर अजून मागेच होता.

पुढच्या आखाजीला मी माहेरी आले. झोके बांधलेले, गाणी चाललेली. भिंतीवर चित्रं होती तशीच होती. फक्त आबांचा पाट फिरला होता, आता त्याचं तोंड चुलीच्या दाराकडे होतं. मी जिजीला विचारलं, आजोबा फार बोलले का गं त्या दिवशी? ती म्हणाली, बोलले ते बोलले, आता थकले. मग इकडेतिकडे बघून तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तुन्हा आबा माले इचारतस," उजव्या भुवईखाली बोट टेकवत ती म्हणाली, "हाऊ तीय कव्हयना शे म्हने!"

आणि पदर तोंडावर घेऊन ती इतकी हसली, की मला तो पुन्हा एकदा बाजूला करावा लागला.